स्वदेशी मोटारीचा ध्यास घेतलेला उद्योगपती

आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ या गावाचे नाव महाराष्ट्राला परिचित आहे ते हुतात्मा बाबू गेनू यांच्यामुळे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईतील काळबादेवी परिसरात विलायती कापडाने भरलेला मालट्रक रोखण्यासाठी हा बावीस वर्षांचा गिरणी कामगार रस्त्यावर आडवा झाला आणि त्याच ट्रकने त्याचा बळी घेतला. स्वदेशीच्या चळवळीचा इतिहास सांगताना त्या ट्रकमधील कापडाचा उल्लेख हमखास होतो. ज्या वाहनातून ते कापड चालले होते, त्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्या काळी देशाच्या रस्त्यांवर धावणारी मोटार वा मालट्रक एकतर परदेशातून तयार होऊन येई, नाहीतर परदेशी सुटे भाग येथे जोडून उभा केला जाई. जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे असा जोडणीचा कारखाना सुरू केला होता. विलायती कापडाला चरख्याने आणि देशी गिरण्यांनी उत्तर दिले. पण विलायती मोटारीला उत्तर द्यायचे तर चरखा पुरेसा नव्हता. त्यासाठी पोलाद, यंत्रे, भांडवल आणि सरकारशी वर्षानुवर्षे झगडण्याची चिकाटी लागणार होती. हे आव्हान ज्यांनी अंगावर घेतले, त्यांत सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंद यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

आज मुंबई-पुण्यातील जुन्या मोटारींच्या मेळाव्यांत चकाकणारी डॉज, प्लिमथ वा फियाट पाहताना तरुण पिढी छायाचित्रे काढण्यात रमते. या गाड्यांपैकी कित्येकींचा जन्म कुर्ल्यात झाला आणि त्या जन्मामागे एका मराठी मुलखातील उद्योजकाचा दहा-बारा वर्षांचा संघर्ष होता, ही गोष्ट मात्र विस्मरणात चालली आहे.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. गुजरातमधून येऊन सोलापुरात स्थिरावलेल्या जैन व्यापारी कुटुंबातील हिराचंद दोशी हे त्यांचे वडील. कापूस, धान्याची उलाढाल आणि सावकारी हा घरचा व्यवसाय. वालचंदांच्या जन्मानंतर अल्पावधीतच त्यांच्या आईचे निधन झाले. सोलापुरात शालेय शिक्षण पूर्ण केल्यावर त्यांनी मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन अशा दोन महाविद्यालयांत प्रवेश घेतला; परंतु पदवी हाती येण्यापूर्वीच घरच्या व्यवसायासाठी त्यांना परतावे लागले. पेढीवर बसून व्याजाचे आकडे मांडण्यात मात्र त्यांचे मन रमेना. काहीतरी उभारावे, डोळ्यांना दिसेल असे काही निर्माण करावे, ही ओढ त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती.

ही ओढ फळाला आली ती लक्ष्मणराव फाटक यांच्या भेटीने. रेल्वेत कारकुनी केलेले फाटक कंत्राटी कामांतील खाचाखोचा जाणून होते. वालचंदांकडे भांडवल उभे करण्याची क्षमता होती. बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी आणि तडवळे दरम्यानच्या मार्गाचे काम या जोडीने घेतले आणि फाटक-वालचंद ही भागीदारी जन्माला आली. एका ब्राह्मण कारकुनाने आणि एका जैन सावकाराच्या मुलाने एकत्र येऊन रेल्वेची कामे घ्यावीत, ही त्या काळच्या सोलापुरात नवलाचीच बाब होती. पुढे हा व्याप वाढत गेला. १९२६ मध्ये हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनीची स्थापना झाली. बोरघाटातून मुंबई आणि पुण्याला जोडणाऱ्या लोहमार्गावरील बोगद्यांचे काम हा तिच्या सुरुवातीच्या कामगिरीतील मानाचा तुरा ठरला.

रेल्वेनंतर वालचंदांची दृष्टी समुद्राकडे वळली. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनी पहिल्या महायुद्धात रुग्णालय म्हणून वापरासाठी दिलेली ‘लॉयल्टी’ ही बोट विक्रीला निघाली असल्याचे त्यांना १९१९ मध्ये रेल्वेच्या एका प्रवासात कळले. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांच्या साथीने त्यांनी ही बोट विकत घेतली आणि सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून इंग्लंडकडे रवाना झाली. देशात ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो, तो याच प्रवासाची स्मृती म्हणून. ब्रिटिश जहाज कंपन्यांनी भाडी पाडून या नव्या स्पर्धकाला बुडविण्याचा प्रयत्न केला. कंपनी तगली, पण परक्या राजवटीत देशी उद्योगाला किती अंगांनी लढावे लागते, याचा धडा वालचंदांना तेथे मिळाला. तो त्यांना पुढे मोटारीच्या प्रकरणी उपयोगी पडला.

दरम्यान पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात कळंब परिसरातील माळरानावर ऊस उभा राहिला, साखर कारखाना निघाला आणि त्याभोवती वसलेल्या गावाला वालचंदनगर हे नाव मिळाले. मालेगावजवळ रावळगाव येथेही साखरेचा कारखाना उभा राहिला. तेथील गोळ्या-चॉकलेटांची चव महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांच्या जिभेवर रेंगाळते आहे. बांधकाम, जहाज, साखर या तिन्ही व्यवसायांत माल वाहून नेण्याचा प्रश्न रोजचा होता. देशाची शेती आणि उद्योग पुढे जायचे तर रस्त्यावरची वाहतूक आपल्या हाती हवी, हा विचार वालचंदांच्या मनात रुजला तो या अनुभवातून. त्यांच्या योजनेत मोटारीच्या बरोबरीने मालट्रकला स्थान होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. मोटार ही श्रीमंतांची हौस असेल. ट्रक मात्र शेतकऱ्याच्या मालाला बाजारपेठेपर्यंत नेणार होता.

स्वदेशी मोटार कारखान्याची कल्पना त्या काळी आणखी एका थोर व्यक्तीच्या मनात घोळत होती. म्हैसूरचे माजी दिवाण आणि विख्यात अभियंते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३०च्या दशकाच्या मध्यास युरोप-अमेरिकेतील कारखाने पाहून अशा प्रकल्पाची तपशीलवार योजना तयार केली होती. मुंबई इलाख्यात १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि या योजनेला अनुकूल वातावरण मिळाले. वालचंदांनी योजना उचलून धरली. १९३९ मध्ये ते अमेरिकेत गेले. फोर्ड कंपनीशी चाललेली बोलणी फिसकटली. क्रायस्लर कंपनीने मात्र तांत्रिक सहकार्याची तयारी दाखविली. डॉज, प्लिमथ आणि डी सोटो या मोटारी, तसेच डॉज व फार्गो हे ट्रक बनविणारी ही कंपनी अमेरिकेतील तीन बड्या मोटार उत्पादकांपैकी एक होती.

करार झाला, पण कारखाना उभा राहिला नाही. दुसऱ्या महायुद्धाला तोंड फुटले होते. मुंबईतील मंत्रिमंडळाने १९३९च्या अखेरीस राजीनामा दिला. यंत्रसामग्रीसाठी डॉलर हवे होते आणि ते देणे दिल्लीतील सरकारच्या हाती होते. युद्धकार्यासाठी वाहनांची निकड असतानाही भारतातील मोटार कारखान्याला युद्धोपयोगी उद्योगाचा दर्जा द्यायला सरकार राजी झाले नाही. वालचंदांनी पत्रव्यवहार केला, भेटी घेतल्या. हाती काही लागले नाही.

याच प्रवासाने त्यांना आणखी एका उद्योगाची वाट दाखविली. अमेरिकेहून परतताना विमानप्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या विमान व्यवसायातील अमेरिकी गृहस्थाशी पडली. त्या ओळखीतून आणि म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन झाली. विमानांची गरज सरकारला तातडीने पटली होती. इतकी, की १९४२ मध्ये सरकारने हा कारखाना आपल्या ताब्यात घेतला. त्यापूर्वी जून १९४१ मध्ये विशाखापट्टण येथे डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला बसविण्यात आली होती. तेथे बांधलेले ‘जलउषा’ हे जहाज पंडित नेहरू यांच्या हस्ते मार्च १९४८ मध्ये समुद्रात सोडण्यात आले. विमान, जहाज आणि मोटार अशी तिन्ही स्वप्ने एकाच माणसाने एकाच दशकात पाहावीत आणि तिन्ही कमी-अधिक प्रमाणात साकार व्हावीत, असे उदाहरण देशाच्या औद्योगिक इतिहासात विरळा आहे.

मोटारीचे स्वप्न साकार व्हायला १९४४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी प्रीमिअर ऑटोमोबाइल्स लिमिटेड ही कंपनी नोंदविली गेली आणि कुर्ला येथे कारखान्याची उभारणी सुरू झाली. १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी आणि ट्रक बाहेर पडू लागले. देश स्वतंत्र होण्याचे आणि मुंबईत देशी कंपनीच्या कारखान्यातून वाहन बाहेर पडण्याचे वर्ष एकच ठरले. सुरुवातीला बहुतेक भाग अमेरिकेतून येत आणि येथे त्यांची जोडणी होई. एकेक भाग देशात बनवीत जायचे आणि परदेशावरील भिस्त कमी करीत न्यायची, असा हा मार्ग होता.

येथे एक वेगळीच अडचण उभी राहिली. गाडी बनली, पण ती घेणार कोण? क्रायस्लरच्या गाड्या अमेरिकेतील लांब-रुंद रस्त्यांसाठी आणि तेथील स्वस्त पेट्रोलसाठी घडविलेल्या होत्या. सहा सिलिंडरांचे मोठे इंजिन, सोफ्यासारखी ऐसपैस आसने, भक्कम पत्रा हे सारे रुबाबदार होते खरे. परंतु पगारदार माणसाच्या आवाक्यात ते येणे शक्य नव्हते. गिरणीमालक, नामवंत वकील-डॉक्टर, चित्रपट व्यवसायातील मंडळी आणि संस्थानिक हेच या गाड्यांचे ग्राहक. खप कमी म्हणून किंमत जास्त आणि किंमत जास्त म्हणून खप कमी, या चक्रातून सुटायचे तर लहान गाडीकडे वळणे भाग होते. प्रीमिअरने १९५०च्या दशकाच्या आरंभी इटलीच्या फियाट कंपनीशी हातमिळवणी केली, ती त्यामुळेच.

या वळणाची फळे वालचंदांना पाहता आली नाहीत. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि १९५०मध्ये ते कामकाजातून निवृत्त झाले. अखेरच्या काळात पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर सरकारने असे धोरण स्वीकारले, की देशात उत्पादनाचा कार्यक्रम असलेल्या कंपन्यांनाच मोटार व्यवसायात राहता येईल. केवळ जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी येथून गाशा गुंडाळला. ज्या धोरणासाठी वालचंद आयुष्यभर झगडले, ते त्यांच्या पश्चात देशाचे धोरण बनले.

वालचंदांनी ज्या कंपनीशी करार केला, तिच्या गाड्यांची पुढील कहाणी मोठी उद्बोधक आहे. अमेरिकेत १९६४च्या सुमारास मध्यम आकाराच्या गाडीत अवाढव्य ताकदीचे आठ सिलिंडरांचे इंजिन बसविण्याची लाट आली. पाँटिअॅक जीटीओ, डॉज चार्जर, प्लिमथ रोड रनर, डॉज चॅलेंजर अशा या गाड्यांना तेथे ‘मसल कार’ म्हणजे पीळदार देहाच्या गाड्या म्हटले जाते. त्या जन्मल्या त्याच मुळी तरुणांना परवडाव्यात म्हणून. प्लिमथ रोड रनरची किंमत १९६८ मध्ये तीन हजार डॉलरच्या आत होती. तेव्हाच्या दराने हे सुमारे २२ हजार रुपये होतात. पुढे विम्याचे वाढते हप्ते, धुराविषयीचे कायदे आणि १९७३ मधील तेलसंकट यांनी या गाड्यांचा काळ संपविला. इंधन पिणारी धुडे म्हणून त्या कवडीमोलाने विकल्या गेल्या, कित्येक भंगारात गेल्या. मग ज्यांना तारुण्यात त्या घेता आल्या नव्हत्या, ती पिढी पन्नाशीत आली, हाती पैसा आला आणि उरलेल्या गाड्यांचे भाव गगनाला भिडले. १९७१ मधील प्लिमथ ‘कुडा’ची उघड्या टपाची, ‘हेमी’ इंजिनाची एक गाडी २०१४ मध्ये अमेरिकेतील लिलावात ३५ लाख डॉलरना गेली. म्हणजे २० कोटी रुपयांहून अधिक. अशा गाड्या अवघ्या ११ बनल्या होत्या. सामान्यांसाठी काढलेली गाडी अखेर धनाढ्यांच्या तिजोरीतील वस्तू झाली.

आयातबंदी आणि परवाना पद्धतीमुळे भारतीय रस्त्यांना या गाड्यांचे दर्शन क्वचितच घडले. आपल्याकडे हेच नाट्य वेगळ्या पात्रांनिशी रंगले. कुर्ल्यात बनणारी फियाट ११०० ही मध्यमवर्गाची आकांक्षा बनली. १९६४ मध्ये आलेले तिचे रूप थोडेफार बदलत राहिले आणि १९७०च्या दशकात तिला ‘पद्मिनी’ हे देशी नाव मिळाले. ती घ्यायची तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. निवृत्तीचे पैसे, पत्नीचे दागिने आणि पेढीचे कर्ज यांची मोट बांधून आणलेल्या गाडीला दारात हार घातला जाई, नारळ वाढविला जाई. टॅक्सीच्या काळ्या-पिवळ्या रंगात तर तिने मुंबईची ओळखच घडविली. १९८०च्या दशकात मारुती आली आणि पद्मिनीची झळाळी उतरू लागली. २००१च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. त्यानंतरची काही वर्षे या गाड्या भंगाराच्या भावाने जात होत्या. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे निवृत्त झाली. वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण झाल्याने अखेरच्या नोंदणीकृत गाडीलाही थांबावे लागले. त्या दिवशी मुंबईकर हळहळले आणि ज्या गाडीला कालपर्यंत खटारा म्हटले जात होते, तिच्याविषयी एकाएकी ममत्व दाटून आले.

या ममत्वाचेच आज मोल होते आहे. पूर्वी जुन्या मोटारींचा संग्रह म्हणजे राजेरजवाड्यांच्या रोल्स रॉइस, असा समज होता. १९७१ मध्ये तनखे बंद झाल्यावर संस्थानिकांच्या कित्येक गाड्या मातीमोलाने विकल्या गेल्या. दिल्लीत १९६४ पासून भरत आलेली ‘स्टेट्समन’ रॅली आणि मुंबईतील जुन्या मोटारींचे मेळावे यांमुळे हा छंद टिकून राहिला. नंतर संग्राहकांची दृष्टी कुर्ल्याच्या डॉज-प्लिमथकडे आणि फियाटकडे वळली. या छंदाचा खर्च गाडीच्या किमतीवर थांबत नाही. सुटे भाग मिळत नाहीत; ते भंगार बाजारातून हुडकावे लागतात किंवा कारागिराकडून नव्याने घडवून घ्यावे लागतात. पत्र्याचे काम हाताने ठोकून करणारे, कार्ब्युरेटर कानाने ऐकून लावणारे मिस्त्री वयोवृद्ध झाले आहेत. शहरात रोजच्या गाडीला जागा मिळत नाही, तेथे हौसेच्या गाडीला छप्पर आणायचे कोठून, हा प्रश्न निराळाच.

कायद्याने २०२१ मध्ये या छंदाची दखल घेतली. केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळण्याची सोय झाली. नव्या नोंदणीसाठी २० हजार रुपये शुल्क आणि दहा वर्षांची मुदत ठरविण्यात आली. अशी गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली वा दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. कुर्ल्याच्या कारखान्यातील पहिल्या पाव शतकातील सर्व गाड्या आता वयाने या व्याख्येत बसतात. मात्र पन्नाशी न गाठलेल्या गाडीला ही वाट खुली नाही. पंधरा वर्षांनंतरच्या मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५ हजार रुपये झाले. ज्या घरात वडिलांची पद्मिनी केवळ आठवण म्हणून उभी आहे, त्या घराला हा खर्च जाणवतो. संग्राहकाला जाणवत नाही. त्यामुळे साध्या माणसाच्या दारातली गाडी हळूहळू मातब्बरांच्या गॅरेजमध्ये चालली आहे. अमेरिकेतील रोड रनरचे जे झाले, तेच कुर्ल्याच्या फियाटचेही होऊ घातले आहे.

वालचंदांच्या चरित्राचा या साऱ्याशी संबंध तो हाच. त्यांना मोटार हवी होती ती संग्रहात ठेवण्यासाठी नव्हे, तर देशाला चालती करण्यासाठी. त्यांच्या प्रयत्नांतील उणिवाही झाकण्याजोग्या नाहीत. पहिल्या गाड्यांचा आराखडा परका होता, इंजिन परके होते आणि त्या सामान्यांना परवडणाऱ्या नव्हत्या. संरक्षित बाजारपेठेच्या आडोशाने पुढे या उद्योगात शैथिल्य आले, तीस-पस्तीस वर्षे एकच गाडी विकली गेली, याचाही विसर पडता कामा नये. तरीही कुर्ल्याच्या त्या कारखान्यामुळे मुंबई परिसरात इंजिन घडविणारे, साचे बनविणारे, पत्रा वाकविणारे कुशल कामगार तयार झाले, सुटे भाग पुरविणारे छोटे कारखाने उभे राहिले. मोटारनिर्मिती हे आपल्याला जमणारे काम आहे, हा विश्वास निर्माण झाला. पुणे परिसरात आज दिसणाऱ्या मोटार उद्योगाच्या विस्तारापूर्वीचा हा पाया आहे.

सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय त्यांचे नाव चालवीत आहे, वालचंदनगर नकाशावर आहे, टपाल खात्याने २००४ मध्ये त्यांचे तिकीटही काढले. पण त्यांचे खरे स्मारक म्हणावे अशा कुर्ल्याच्या जुन्या गाड्या दिवसेंदिवस कमी होत आहेत. परदेशी गाड्यांचे भाव तोंडपाठ असणाऱ्या शौकिनांनी आणि शासनानेही या देशी वारशाकडे लक्ष द्यायला हवे. त्यांतील काही गाड्या, एखादा डॉजचा मालट्रक आणि त्या घडविणाऱ्या कामगारांची अवजारे मुंबईत सर्वांना पाहता येतील अशा ठिकाणी एकत्र आली, तर तिकिटाच्या चार पैशांत गिरणी कामगाराच्या नातवालाही ती बघता येतील. मोटार सर्वांच्या दारात यावी यासाठी झटलेल्या उद्योजकाचा वारसा केवळ लिलावात बोली लावू शकणाऱ्यांच्याच वाट्याला यावा, हे त्याच्या कार्याशी सुसंगत ठरणार नाही.